साथीला बसलेला माणूस

जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ हा सिनेमा आला. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं, हे आपल्याला रिलीजच्या आधीच माहीत होतं. पण ज्या नाटकावरून तो आला, त्याला चाली कुणी दिल्या? गोविंदराव टेंबे यांनी. आणि ते होते पेटीवाले.

टेंबे १८८१ चे, कोल्हापूरकडचे. भास्करबुवा बखल्यांना ते गुरू मानायचे, पण समोर बसून रीतसर तालीम अशी फारशी झालीच नाही. बुवांना पेटीची साथ करता करताच ते शिकले. पेटीवर बोट ठेवलं की ठरलेला सूर वाजतो, गळ्यासारखी मींड त्यातून निघत नाही. तरीही गाण्याच्या जवळ जाणारी पेटी ही त्यांची ओळख झाली.

तेव्हा संगीत नाटकात चाली बहुतेक नाटककारच ठरवायचा. १९११ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचं ‘मानापमान’ बसवलं आणि चालींचं काम टेंब्यांकडे दिलं. त्यांनी ठुमरी, दादरा, कजरी असा उत्तरेकडचा रंग मराठी पदांत आणला. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व गायले आणि पदं घराघरांत पोचली. ‘म्युझिक डायरेक्टर’ हे वेगळं काम आपल्या रंगभूमीवर रुजलं ते इथून.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. कंपनी जोरात होती, तरी टेंबे काही वर्षांतच बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी उभी केली. पुढे बोलपट आले, तर पन्नाशीतला हा माणूस कॅमेऱ्यासमोरही गेला. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) हरिश्चंद्र तेच आणि संगीतकारही तेच. प्लेबॅक नव्हताच, त्यामुळे गायचंही स्वतःच.

१९४० मध्ये मात्र रेडिओने पेटीवर बंदी घातली. भारतीय गाण्याला हे वाद्य शोभत नाही, असं कारण होतं. १९५५ मध्ये टेंबे गेले, तेव्हाही ती उठली नव्हती. म्हणजे त्यांच्या चाली रेडिओवर गायला हरकत नव्हती, पण साथीला त्यांचं वाद्य चालणार नव्हतं!

आज शास्त्रीय मैफलीत गायकाशेजारी पेटी नसेल, तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं.