वाळवीला नाव देणारे वैद्य

पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवे जमतात. सामान्य माणसाच्या लेखी ती सारी एकच, लाकडाचा भुगा करणारी. प्रत्यक्षात घराची चौकट पोखरणारी वाळवी निराळी आणि रानातला पालापाचोळा कुजवून मातीला कस देणारी निराळी. भारतातील वाळवीचा हा संसार प्रथम शास्त्रीय दृष्टीने पाहिला तो योहान गेऱ्हार्ड कोनिग या वैद्याने.

१७२८ मध्ये बाल्टिक प्रदेशात जन्मलेले कोनिग हे थोर स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांचे शिष्य. १७६८ मध्ये ते कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत आले. शेजारीच तंजावर, भोसल्यांचे मराठी राज्य. त्या मुलखातील वारुळे कोनिग यांनी उकरून पाहिली. १७७४ मध्ये अर्काटच्या नवाबाकडे त्यांनी निसर्ग-अभ्यासकाची नोकरी पत्करली. वेतन तुटपुंजे, भटकंती अफाट.

१७७९ मध्ये बर्लिनमध्ये त्यांचा वाळवीवरील जर्मन निबंध प्रसिद्ध झाला. वारुळाला धुरी देऊन पंखवाली वाळवी मडक्यात कशी गोळा करतात, पिठात मिसळून तिचे खाद्य करून गरिबांना स्वस्तात कसे विकतात, हेही त्यांनी टिपले होते. त्यांनी वेगळ्या ओळखलेल्या प्रजातींपैकी एकीचे नाव मोनोसेरॉस, म्हणजे एकशिंगी. तिच्या सैनिकांच्या डोक्यावर पुढे आलेली सोंड असते. ती शत्रूवर चिकट रसायन फवारण्याची नळी असते, हे आज ठाऊक आहे.

मात्र सैनिक वारुळात थोडे, कामकरी अगणित. आणि निरनिराळ्या प्रजातींचे कामकरी डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. ही अडचण सोडवण्यास रसायनशास्त्र धावून आले. वाळवीच्या अंगावर मेणासारख्या हायड्रोकार्बनांचा पातळ थर असतो. अंधारात राहणारी कामकरी वाळवी स्पर्शिकांनी तो थर हुंगूनच आपला आणि परका ओळखते. हा थर द्रावणात उतरवून गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्रात घातला की त्यातील घटकांचे प्रमाण कळते, आणि ते प्रजातीगणिक वेगळे असते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत या अभ्यासाला गती आली. एरवी सारख्या दिसणाऱ्या प्रजाती या रासायनिक सहीवरून वेगळ्या काढता येऊ लागल्या. घातक कोणती आणि निरुपद्रवी कोणती हे कळले, तर सरसकट विष ओतण्याची गरज उरत नाही.

२६ जून १७८५ रोजी काकीनाड्याजवळ आमांशाने कोनिग यांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग त्यांच्याजवळ होते. आपली कागदपत्रे कोनिग यांनी लंडनच्या जोसेफ बँक्स यांच्या हवाली केली.

रासायनिक सहीचा आलेख यंत्र काढते. पण ती सही कोणाची, हे सांगायला नाव आधी असावे लागते. ते काम कोनिग यांनी केले. त्यांचे स्वतःचे नाव मात्र घराघरांतील फोडणीत टिकून आहे, कारण कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावातील कोनिगी म्हणजे हेच कोनिग.