लेबाकच्या खेडुतांचा कैवारी
जावा बेटाच्या पश्चिम भागांत लेबाक नांवाचा जिल्हा आहे. तेथील खेडुतांची सारी भातशेती रेड्यांवर चाले. राज्य डच लोकांचें होतें, परंतु गांवांवर प्रत्यक्ष हुकमत देशी सरदारांची असे. हे सरदार मोल न देतां गरिबांचे रेडे ओढून नेत व लोकांस आपल्या शेतांवर वेठीस धरीत. ज्याचा बैल ऐन पेरणींत गेला आहे, त्या वाचकास या दुःखाचें वर्णन नको.

सन १८५६ च्या जानेवारींत एडुआर्ड डाउस डेक्कर हा डच अंमलदार तेथें आला. त्याचा जन्म १८२० सालीं आम्सटरडाम शहरीं झाला होता. तो उतावळा व खर्चिक होता. पण गाऱ्हाणीं ऐकून स्वस्थ बसणें त्यास जमेना. महिनाभरांतच त्यानें मुख्य सरदारावर आरोप ठेविला. वरिष्ठांनीं उलट त्यालाच ठपका देऊन त्याची बदली केली. पदरीं बायको व लहान मूल असतांहि त्यानें राजीनामा दिला. पुढें चौकशींत जुलूम खरा ठरला. कांहीं कनिष्ठ अधिकारी बडतर्फ झाले, मुख्य सरदार मात्र आपल्या जागीं राहिला.

ब्रुसेल्स येथें अत्यंत दारिद्र्यांत असतां डेक्करनें हा सर्व प्रकार एका कादंबरींत लिहिला. १८६० सालीं ती प्रसिद्ध होतांच हॉलंडांत खळबळ उडाली. १८८७ सालीं तो जर्मनींत वारला.