पडीक रानात गहू उभा करणारे प्राध्यापक हॉपकिन्स

1903 साली इलिनॉय विद्यापीठातले मातीचे प्राध्यापक सिरिल हॉपकिन्स यांनी स्वतःच्या पैशाने सुमारे 300 एकर जमीन घेतली. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, दक्षिणेकडची. भाव एकरी 20 डॉलरच्याही आत, कारण रान आंबट झालेलं, नुसतं तण माजलेलं. त्यांनी नावही लपवलं नाही. शेताला ‘पुअरलँड’ म्हटलं, म्हणजे नापीक रान.

हा हट्ट उगाच नव्हता. वॉशिंग्टनच्या माती खात्याचे प्रमुख मिल्टन व्हिटनी तेव्हा सांगत होते, जमिनीतलं पिकाचं अन्न कधी संपत नाही. हॉपकिन्स यांचा हिशेब वेगळा होता. धान्य विकलं की स्फुरद गाडीत बसून बाजाराला जातं, ते परत येत नाही. नत्राचं तसं नाही, ते हवेत भरपूर आहे. आपल्या बरसीमचा भाऊबंद असलेला क्लोव्हर ते मुळांच्या गाठींत धरतो. पण क्लोव्हरलाही स्फुरद लागतं, आणि आंबट मातीत तो धड उभाच राहत नाही.

म्हणून आधी चुनखडीचा चुरा टाकला, मग स्फुरदयुक्त खडकाची बारीक पूड. मका, ओट, गहू आणि त्यामागे तीन वर्षं क्लोव्हर व गवत अशी फेरपालट धरली. मिश्रखतांच्या महागड्या गोण्या त्यांना पटत नसत. कंपन्यांना ते अर्थातच खुपलं.

1913 ला गहू निघाला. खडकाची पूड, चुनखडी व शेणखत मिळालेल्या रानात एकरी 35 बुशेल, म्हणजे साडेनऊ क्विंटलच्या घरात. त्याच रानात मुद्दाम सोडलेल्या, फक्त शेणखताच्या पट्ट्यात जेमतेम तीन क्विंटल. कुणीही बांधावर उभं राहून फरक पाहावा, असा.

एक मात्र ध्यानात ठेवायला हवं. कच्च्या खडकाची ही पूड आंबट मातीतच नीट विरघळते. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तिचा उपयोग होत नाही, तिथे सुपर फॉस्फेटच लागतं.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रेड क्रॉसने त्यांना ग्रीसला पाठवलं, तिथल्या झिजलेल्या जमिनी तपासायला. तिथे त्यांना मलेरिया जडला. घरी परतताना ऑक्टोबर 1919 मध्ये जिब्राल्टरला ते वारले, वयाच्या 53 व्या वर्षी.