गायक-नट ॲडम फेथ

शाळेच्या स्नेहसंमेलनांत एखाद्या मुलाचें गाणें रंगतें, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि त्या रात्रीं घरीं परतल्यावर तो मुलगा वडिलांपाशीं हळूच गोष्ट काढतो कीं, आपणांस गवई किंवा नट व्हावयाचें आहे. वडील त्यास अगोदर परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगतात. मुलगा खट्टू होतो. वडिलांनाहि त्या रात्रीं नीट झोंप लागत नाहीं. या प्रसंगांत चूक कोणाची, याचा निवाडा करणें सोपें नाहीं. परंतु ज्या मनुष्यानें तो मार्ग आयुष्यभर चालून पाहिला, त्याची हकीकत मुलांनीं व आईबापांनीं मिळून वाचावी अशी आहे. हा मनुष्य म्हणजे इंग्लंडमधील एके काळचा अत्यंत लोकप्रिय रॉक गायक, व पुढें टेलिव्हिजनवरील नट म्हणून नांवाजलेला ॲडम फेथ होय.

ॲडम फेथ हें त्याचें जन्मनांव नव्हे. त्याचें मूळ नांव टेरेन्स नेल्हॅम्स-राइट. ता. २३ जून १९४० रोजीं पश्चिम लंडनमधील ॲक्टन या वस्तींत त्याचा जन्म झाला. दुसरें महायुद्ध पेटलेलें होतें, आणि त्याच वर्षीं कांहीं महिन्यांनीं लंडनवर बाँबचा वर्षाव सुरू झाला. वडील लांबच्या प्रवासाची मोटारगाडी हांकीत. आई झाडलोटीचें काम करी. पांच भावंडांत हा तिसरा. घरांत खाणारीं तोंडें पुष्कळ व मिळकत बेताची, त्यामुळें वयाच्या बाराव्या वर्षींच शाळा संभाळून तो वर्तमानपत्रें वांटूं व विकूं लागला. गंमत अशी कीं, आपलें आडनांव नेल्हॅम्स-राइट असें जोडनांव आहे, हें त्याचें त्यालाहि ठाऊक नव्हतें. पुढें परदेशीं जाण्याचा परवाना काढण्याकरितां जन्माचा दाखला पाहिला, तेव्हां तें त्याला समजलें.

शाळा सुटल्यावर तो प्रथम एका छापखान्यांत हरकाम्या पोऱ्या म्हणून राहिला. नंतर एका चित्रपट-संस्थेंत निरोप्याचें काम मिळालें, आणि तेथून फिल्मच्या पट्ट्या कापून जोडण्याची विद्या त्यानें हस्तगत केली. त्या सुमारास इंग्लंडांतील तरुणांना स्किफल नांवाच्या संगीताचें वेड लागलें होतें. एक गिटार, कपडे घासण्याची खांचांची फळी, आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी व दोरी लावून केलेलें खर्जाचें वाद्य, एवढें जमलें कीं मेळा उभा राही. टेरीनेंहि कांहीं सोबत्यांबरोबर असा एक मेळा काढला. लंडनच्या सोहो भागांत टू-आइज नांवाचें एक लहानसें कॉफीगृह होतें. त्याच्या तळघरांत हा मेळा गाऊं लागला. तेथून झालेल्या बी. बी. सी.च्या एका कार्यक्रमांत जॅक गुड नांवाच्या निर्मात्यानें त्याला हेरलें, आणि एकट्यानें गाण्याचा करार त्यास मिळवून दिला. जुनें नांव कानाला रुचेना, म्हणून नांवांच्या पुस्तकांतून दोन नांवें निवडण्यांत आलीं, आणि टेरी नेल्हॅम्सचा ॲडम फेथ झाला. फेथ या शब्दाचा अर्थ श्रद्धा. ही श्रद्धा पुढें किती वेळां कसोटीस लागणार होती, हें त्या वेळीं कोणास सांगतां आलें असतें?

पहिली कसोटी लागलीच आली. १९५८ सालीं त्याच्या दोन तबकड्या निघाल्या, पण त्या कोणी घेतल्या नाहींत. वर्तमानपत्रांत नांव छापून आलेल्या मुलास पुन्हां मुकाट्यानें पूर्वीच्या कामावर जाणें किती जड वाटत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. टेरी मात्र परत गेला, आणि चित्रपट-स्टुडिओंत दुसऱ्यांचीं चित्रें कापीत-जोडीत बसला. १९५९ सालीं जॉन बॅरी या संगीतकारानें त्यास बी. बी. सी.च्या ड्रमबीट या टेलिव्हिजन कार्यक्रमासाठीं परीक्षा देण्यास बोलाविलें, आणि त्याचें दैव फिरलें. त्या वर्षाच्या अखेरीस व्हॉट डू यू वाँट हें त्याचें गाणें विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें. गाणें दोन मिनिटांचेंहि नव्हतें. व्हायोलिनच्या तारा बोटांनीं छेडून काढलेले तुटक स्वर व त्यांवर त्याचे ते थोडेसे हेल काढून उच्चारलेले शब्द, एवढीच त्याची करामत. पण साऱ्या देशांतील मुलामुलींच्या ओठीं तें बसलें. १९६० सालीं पुअर मी हें दुसरें गाणेंहि पहिल्या क्रमांकावर गेलें. त्यानंतर एकामागून एक गाणीं यशस्वी होत गेलीं. विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या पोराभोंवतीं इतकी गर्दी जमूं लागली कीं, रस्त्यानें मोकळेपणीं चालणें त्यास अशक्य झालें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आपला आवाज लहान आहे, हें ॲडम ओळखून होता. लोक टाळ्या वाजवीत असतांनाच तो शब्दोच्चाराचे व अभिनयाचे धडे घेत होता. १९६० सालीं बीट गर्ल व नेव्हर लेट गो या दोन चित्रपटांत त्यास कामें मिळालीं. दुसऱ्यांत पीटर सेलर्ससारखा कसलेला नट त्याच्यासमोर होता. त्याच वर्षीं बी. बी. सी.च्या फेस टु फेस या मुलाखतींत जॉन फ्रीमन यांनीं त्याला बोलतें केलें. मोठमोठे विद्वान व मुत्सद्दी ज्या खुर्चीवर बसत, तेथें हा विसांव्या वर्षांतला गायक बसला, आणि न बिचकतां समंजसपणें बोलला. १९६२ सालीं यॉर्कचे आर्चबिशप डोनल्ड कॉगन यांच्याशींहि टेलिव्हिजनवर त्याची चर्चा झाली. आर्चबिशपांनीं तरुणांच्या या गाण्यांवर टीका केली होती. परंतु वडील पिढी व तरुण पिढी समोरासमोर बसून सभ्यपणानें बोलूं शकतात, हें त्या दिवशीं लोकांनीं पाहिलें.

पण लोकांची आवड ओहोटी-भरतीसारखी असते. १९६३ पासून लिव्हरपूलच्या बीटल्स या चौकडीनें इंग्लंडचें संगीत ढवळून काढलें. कालचे गायक आज जुने ठरूं लागले. ॲडमनें द रूलेट्स नांवाचा वाद्यमेळ संगतीला घेऊन कांहीं काळ टिकाव धरला. याच दिवसांत एका अनोळखी मुलीचें गाणें ऐकून त्यानें तिला आपल्या व्यवस्थापिकेपाशीं नेलें. तीच पुढें सँडी शॉ या नांवानें प्रसिद्ध झाली. स्वतःचें आसन डळमळत असतां दुसऱ्याला वर चढण्यास हात देणें, ही गोष्ट थोड्यांनाच साधते. १९६५ च्या आरंभीं तो दक्षिण आफ्रिकेंत गेला होता. तेथें काळ्या व गोऱ्या श्रोत्यांना निराळें बसविण्याचा कायदा होता. अशा जलशांत गाण्याचें त्यानें नाकारलें, आणि दौरा अर्धवट सोडला. त्यांत त्याचें नुकसान झालें, परंतु मान खालीं घालण्याचा प्रसंग आला नाहीं.

१९६६ नंतर त्याचें एकहि गाणें यादींत चढलें नाहीं. १९६७ सालीं जॅकी अर्विंग या नर्तिकेशीं त्याचा विवाह झाला. आतां संसार होता आणि धंदा बसला होता. वय अवघें सत्तावीस! अशा वेळीं पुष्कळ गायक जुन्या कीर्तीच्या शिळ्या तुकड्यांवर दिवस कंठतात. ॲडमनें तसें केलें नाहीं. तो पुन्हां विद्यार्थी झाला. गांवोगांवच्या नाटकगृहांतून थोड्या वेतनावर तो कामें करूं लागला. १९६८ सालीं नाइट मस्ट फॉल या नाटकाच्या दौऱ्यांत डेम सिबिल थॉर्नडाइक या वृद्ध नटीबरोबर त्यानें भूमिका केली. साठ वर्षांहून अधिक काळ रंगभूमीची सेवा केलेल्या त्या बाईंच्या शेजारीं रोज उभें राहणें, हीच त्याची पाठशाळा. कालपर्यंत ज्याच्या नुसत्या येण्यानें नाटकगृह दणाणत असे, त्यास आतां एकेक वाक्य प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत कसें पोंचवावें, हें शिकावें लागलें.

या श्रमाचें फळ १९७१ सालीं मिळालें. कीथ वॉटरहाउस व विलिस हॉल या लेखकद्वयानें टेलिव्हिजनकरितां बजी नांवाची मालिका लिहिली. तिचा नायक एक भुरटा चोर. तुरुंगांतून सुटून आलेला हा गडी रोज श्रीमंत होण्याची नवी युक्ति काढतो, आणि रोज तोंडघशीं पडतो. ॲडमनें ही भूमिका इतकी जिवंत केली कीं, गायक ॲडम फेथ लोक विसरले व नट ॲडम फेथ त्यांच्या घराघरांत जाऊन बसला. १९७१ व १९७२ या दोन वर्षांत मालिकेचे २६ भाग झाले.

सुदैव फार दिवस टिकावयाचें नव्हतें. १९७३ सालीं मोटारीच्या भयंकर अपघातांत तो सांपडला. पाय कापावा लागतो कीं काय, अशी वेळ आली होती. पाय वांचला, आणि तो पुन्हां कामास लागला. लिओ सेयर या नव्या गायकाचा तो व्यवस्थापक झाला व त्यास यशाच्या शिखरावर नेलें. पुढें पैशाच्या हिशेबावरून दोघांत वितुष्ट आलें, हेंहि येथें लपवून ठेवणें योग्य नव्हे. १९७४ सालीं स्टारडस्ट या चित्रपटांत त्यानें एका रॉक गायकाच्या व्यवस्थापकाचें काम केलें. तें जीवन दोन्ही बाजूंनीं भोगलेलें असल्यामुळें त्याचा अभिनय इतका उतरला कीं, ब्रिटिश चित्रपट अकादमीच्या पारितोषिकासाठीं त्याच्या नांवाची शिफारस झाली.

पुढें त्याच्या आयुष्यास एक विचित्र वळण लागलें. लहानपणची गरिबी मनांतून गेली नव्हती म्हणा, किंवा पैशाचा खेळ गाण्याच्या खेळाइतकाच चित्तवेधक वाटला म्हणा. तो पैसे गुंतविण्याच्या व्यवसायांत शिरला. लंडनमधील एका प्रसिद्ध दुकानाच्या उपाहारगृहांतील टेबल हीच त्याची कचेरी. तेथें बसून तो लोकांना सल्ला देई, आणि वर्तमानपत्रांत द्रव्यव्यवहारावर लेखहि लिही. १९८६ सालीं त्याच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली. तीतून उठून १९९२ ते १९९४ या काळांत त्यानें लव्ह हर्ट्स या बी. बी. सी.च्या मालिकेंत झोई वनामेकर या नटीबरोबर नायकाचें काम केलें. नळ दुरुस्त करणारा कारागीर लक्षाधीश होतो, अशी ती भूमिका होती. मालिका लोकांस फार आवडली. पन्नाशी उलटल्यावर तिसऱ्यांदा मिळालेलें हें यश घेऊन तो स्वस्थ बसता, तर ही गोष्ट येथेंच गोड झाली असती.

पण पुरतें न शिकलेल्या विद्येचा मोह त्यास आवरला नाहीं. २००० सालीं पैशाच्या व्यवहारांस वाहिलेलें एक टेलिव्हिजन-केंद्र काढण्यांत तो पुढाकार घेऊन पडला. बाजार चढलेला होता, आणि तो असाच चढत राहणार, असें सर्वांना वाटत होतें. तो कोसळला, आणि २००१ सालीं केंद्र बंद पडलें. २००२ सालीं ॲडमचें दिवाळें निघालें. कर्जाचा आंकडा सुमारें ३ कोटी २० लक्ष पौंड असल्याचें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. जो जन्मभर लोकांना पैसा कोठें ठेवावा हें सांगत होता, त्याच्यापाशींच पैसा उरला नाहीं.

वय बासष्ट, हृदय दुर्बळ, डोक्यावर दिवाळखोरीचा शिक्का. अशा वेळीं त्याच्या हातीं काय राहिलें? सत्ताविसाव्या वर्षीं गांवोगांव हिंडून, पदरमोड करून जी कला तो शिकला होता, तेवढीच राहिली. तो पुन्हां रंगभूमीवर उभा राहिला. मार्च २००३ मध्यें लव्ह अँड मॅरेज या नाटकाबरोबर तो स्टोक-ऑन-ट्रेंट येथें आला होता. रीजंट नाट्यगृहांत त्या रात्रींचा प्रयोग त्यानें नीट पार पाडला, आणि थोड्याच वेळांत त्यास हृदयविकाराचा झटका आला. ता. ८ मार्चच्या पहाटे त्याचें निधन झालें. मागें पत्नी व एक मुलगी होती.

विद्यार्थिमित्रांनो, या मनुष्यास एका रात्रींत मिळालेलें सारें एका रात्रींत गेलें. तबकडीची कीर्ति बीटल्सनीं नेली, बाजारांतला पैसा बाजारानेंच नेला. जें त्यानें कष्टानें, मान खालीं घालून, दुसऱ्याच्या हाताखालीं शिकून मिळविलें, तें मात्र ना मोटारीच्या अपघातानें गेलें, ना सावकारांना जप्त करतां आलें. ज्या क्षेत्रांत तो शिष्य झाला, तेथें तो पडूनहि उठला. ज्यांत तो एकदम गुरु होऊन बसला, तेथें तो बुडाला. आणि आईबापांनींहि एवढें ध्यानांत घ्यावें कीं, मुलाला गाण्याची ओढ आहे, यांत भिण्यासारखें फारसें नाहीं. मात्र टाळ्या थांबल्यावर तो पुन्हां पहिल्या इयत्तेंत बसावयास तयार आहे काय, हें त्यास अवश्य विचारावें. त्याचें उत्तर होय असें आलें, तर त्याच्या हातीं तंबोरा देण्यास हरकत नाहीं.