सेनासाहेबसुभा : पदवी आणि सत्ता

राज्य कोणाचे, हे पदवीवरून ओळखता येते असा सर्वसाधारण समज आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी यांचे चरित्र मात्र हा समज खोटा ठरविते.

रघूजी हे बिंबाजींचे पुत्र. चुलते कान्होजी शाहू महाराजांच्या मर्जीतून उतरल्यावर 'सेनासाहेबसुभा' ही पदवी रघूजींकडे आली. शब्द चाकरीचा; धनी साताऱ्याचे छत्रपती. पुढे देवगडच्या गोंड गादीसाठी कलह माजला, तेव्हा राजा चांद सुलतानच्या विधवा राणीने रघूजींना साहाय्यास बोलाविले. ते आले आणि कायमचे राहिले. त्यांनी बुऱ्हाणशहाकडे राजेपद राहू दिले. फौज आणि वसूल स्वतःकडे घेतला. जपानातही असेच घडले होते. 'तेन्नो', म्हणजे स्वर्गीय अधिपती, क्योटोत पूजनीय होऊन बसत. राज्य चालवी तो 'शोगुन', आणि या शब्दाचा अर्थ केवळ सेनापती! ११९२ साली योरितोमोने धारण केलेली ही पदवी १८६७ पर्यंत टिकली.

१७५१ हे वर्ष रघूजींच्या उत्कर्षाचे. बंगालच्या अलीवर्दीखानाने ओरिसाचा वसूल सोडला आणि वार्षिक बारा लाख रुपये चौथाई मान्य केली. त्याच वर्षी चांद्याचे गोंड राज्यही खालसा झाले. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची प्राचीन देवालये ज्या मुलखात उभी आहेत, तो नागपूरच्या अमलाखाली गेला. चांद्याला मात्र नामधारी राजाही उरला नाही. निळकंठशहाच्या वाट्यास बंदिवास आला. १७५५ साली रघूजी निवर्तले, तेही सेनासाहेबसुभा म्हणूनच.

रघूजींचे शौर्य व संघटनचातुर्य निर्विवाद होय. परंतु अशा व्यवस्थेत कर एकाने घ्यावा आणि राजा दुसऱ्याने म्हणवून घ्यावे, मग रयतेने दाद कोणाकडे मागावी? बंगालच्या रयतेने या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते शोधले. तिने ना छत्रपती लक्षात ठेवले, ना सेनासाहेबसुभा. लुटीस येणाऱ्या बारगिरांवरून 'बर्गी' हा एकच शब्द तिने अंगाईगीतांत जपला. राज्यकर्ता स्वतःस कोणत्या नावाने मिरवितो, याला अर्थशास्त्रात फारसे मोल नाही. वसूल कोठे जातो आणि त्याचा जाब कोण देतो, हे पाहिले म्हणजे खरा राजा सापडतो. लोकशाहीतील नागरिकानेही पदव्यांच्या यादीपेक्षा हा हिशेब आधी मागावा.