प्रा. देवधर : चेंडू, डोळे आणि हात

प्रा. दि. ब. देवधर यांचा जन्म १८९२ चा. पुण्यात ते संस्कृत शिकवत. १९४०-४१ च्या रणजी स्पर्धेत, वयाची ४८ वर्षे उलटल्यावर, त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या.

वेगवान चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत येतो. डोळे चेंडूच्या आधीच टप्प्याच्या जागी पोहोचतात, मेंदू पुढचा अंदाज बांधतो आणि हात त्याप्रमाणे हलतात. सरावाने हे जमते. देवधर १९९३ मध्ये, १०१ व्या वर्षी गेले.

जुन्नर-आंबेगावातून जाणारा पुणे-नाशिक महामार्ग ओलांडतानाही हाच अंदाज लागतो. घरातील ज्येष्ठांचा तो चुकत असेल, तर डोळे तपासून घ्या. अचानक दोन-दोन दिसू लागले किंवा हात लुळा पडला, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.