होम थिएटरचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून भिंतीला फोम लावताय? आधी या माणसाची गोष्ट वाचा

रात्रीचे साडेदहा वाजलेत. पिक्चर ऐन रंगात आलाय, पडद्यावर मोठा स्फोट होतो आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजते. बाहेर खालच्या मजल्यावरचे काका उभे!

फ्लॅटमध्ये होम थिएटर असलेल्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. मग कोणीतरी सल्ला देतं, भिंतीला फोम लावून घे. पैसे खर्च होतात, खोलीतला आवाजही छान वाटायला लागतो. पण चार दिवसांनी काका पुन्हा दारात.

असं का होतं? याचं उत्तर वॉलेस क्लेमेंट सॅबिन या माणसाच्या आयुष्यात सापडतं.

सॅबिन यांचा जन्म १३ जून १८६८ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या रिचवूड गावात झाला. वयाच्या अवघ्या १८ व्या वर्षी ते पदवीधर झाले आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायला लागले. नावापुढे पीएचडी नव्हती, ती त्यांनी कधी केलीच नाही.

१८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग आर्ट म्युझियममध्ये नवं व्याख्यानगृह सुरू झालं आणि विद्यापीठाची फजिती झाली. कारण तिथे बोललेला एक शब्द तब्बल साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तोवर बोलणारा पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून गेलेला असायचा. ऐकणाऱ्यांना कळायचं काहीच नाही.

विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम २७ वर्षांच्या सॅबिन यांच्यावर सोपवलं.

सॅबिन यांच्याकडे साधनं होती एक ऑर्गनची नळी, वेळ मोजायचं यंत्र आणि स्वतःचे कान. दिवसा रस्त्यावरच्या गोंगाटात मोजमाप शक्य नव्हतं, म्हणून ते मध्यरात्रीनंतर काम करायचे. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या हॉलमध्ये ठेवून आवाज किती वेळ घुमतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या जागेवर नेऊन ठेवायच्या. हे अनेक रात्री चाललं. सगळ्या गाद्या आत आल्या, तेव्हा साडेपाच सेकंदांचं घुमणं सेकंद-सव्वा सेकंदावर आलं.

१८९८ मध्ये त्यांना या सगळ्यामागचं सूत्र सापडलं. खोली जितकी मोठी, तितका आवाज जास्त वेळ घुमतो आणि आतल्या वस्तू जितका आवाज शोषतात, तितकं घुमणं कमी होतं. याच सूत्राच्या आधारे बोस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला. १५ ऑक्टोबर १९०० रोजी तो सुरू झाला तेव्हा काही समीक्षकांनी नाकं मुरडली आणि सॅबिन यांना ते लागलंही. आज मात्र हाच हॉल जगातल्या सर्वोत्तम संगीतगृहांमध्ये गणला जातो.

आता फोमकडे येऊ. वस्तू किती आवाज शोषते हे मोजायला सॅबिन यांनी एक माप ठरवलं, उघडी खिडकी! कारण खिडकीतून गेलेला आवाज खोलीत परत येत नाही. म्हणजे खोलीच्या दृष्टीने उघडी खिडकी शंभर टक्के आवाज शोषते. पण शेजाऱ्याच्या दृष्टीने? तिच्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही.

म्हणजेच खोलीतलं घुमणं कमी करणं आणि आवाज बाहेर जाऊ न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोम पहिलं काम करतो. काकांना मात्र दुसरं हवं असतं.

हा दुसरा प्रश्नही सॅबिन यांना ठाऊक होता. संगीत शाळांमध्ये एका खोलीतला सराव शेजारच्या खोलीत ऐकू जाण्याची अडचण त्यांच्यापर्यंत आली होती. १९१५ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला. नुसत्या नमद्याचे थर आणि लोखंडी पत्रा, नमदा व मधली हवेची पोकळी अशी एकत्र रचना, या दोन्हींतून किती आवाज पार जातो हे त्यांनी तपासलं. एकत्र रचनाच जास्त आवाज अडवत होती.

पण हे काम पुढे न्यायला वेळ मिळाला नाही. पहिलं महायुद्ध सुरू होतं. युरोपात काम करताना ते आजारी पडले. परत आल्यावर वॉशिंग्टनमध्ये विमान उत्पादन विभागाचं काम आणि हार्वर्डचं अध्यापन, असं दोन्ही सांभाळत त्यांनी दुखणं अंगावर काढलं. १० जानेवारी १९१९ रोजी त्यांचं निधन झालं. वय होतं फक्त ५०.

शिकागोजवळ जिनिव्हा या गावी जॉर्ज फॅबियन या श्रीमंत उद्योजकाने खास त्यांच्यासाठी रिव्हरबँक ही ध्वनी प्रयोगशाळा बांधली होती. तिथे काम करणं त्यांच्या नशिबी नव्हतं. त्यांचे दूरचे नातेवाईक पॉल सॅबिन यांनी ती पुढे चालवली. भिंत किंवा दार किती आवाज अडवतं, याच्या चाचण्या तिथे आजही होतात. आवाज शोषण्याच्या एककालाही 'सॅबिन' हेच नाव आहे.

मग फ्लॅटमध्ये करायचं काय? आवाज अडवायला वजन लागतं, फटी बंद लागतात आणि दोन थरांमध्ये पोकळी लागते. त्यामुळे आधी दाराखालची फट बुजवा, खिडक्या घट्ट लावा. सबवूफर थेट फरशीवर किंवा सामाईक भिंतीला चिकटवून ठेवू नका, त्याची थरथर स्लॅबमधून थेट खाली उतरते. खाली जाड रबरी पॅड घाला. तरीही खोल बेस पूर्ण अडवणं फ्लॅटमध्ये जवळपास अशक्यच, म्हणून रात्री तो कमी करा किंवा सरळ हेडफोन लावा.

फोमही लावा हवं तर. पण तो तुमच्या कानांसाठी असतो, काकांच्या झोपेसाठी नाही!